एका बाटलीत किती वाफे

गोजरबाई आईल इंजनाचं हँडल मारायला शिकली तेव्हा गावानं आधी तोंडात बोटं घातली आणि पुढच्या दोन महिन्यांत त्याची सवय करून घेतली. करकंबपासून दोन कोसांवरचं ते गाव. नवरा मानसिंग सोलापुरात गिरणीत कामाला होता. भवानी पेठेत चौघांत मिळून एका खोलीत राहायचा आणि पंधरा दिवसांतून एकदा, रविवारची सुट्टी धरून, घरी यायचा. सासरे आबासाहेब सत्तरीला टेकलेले. नजर शाबूत, डोकं शाबूत, फक्त गुडघ्यांनी दगा दिलेला. मग हँडल मारायला घरात दुसरं होतं कोण? गोजरबाईनं पदर खोचला, पाय रोवला आणि चौथ्या झटक्याला इंजन भकभकायला लागलं.

इंजन तिला कळत होतं असं नाही. ते सुरू होतं, पाणी येतं, भुईमूग भिजतो, एवढं कळलं की तिचं भागायचं. पण मोठा दुष्काळ सरून वर्ष झालं, त्या चैत्रात डिझेलनं सगळ्यांच्याच तोंडचं पाणी पळवलं. एक तर मिळायचं नाही, आणि मिळालं तर भाव ऐकून माणूस डबा घेऊन दोन पावलं मागं सरायचा. अरबांच्या देशात कायतरी बिनसलंय म्हणून असं झालंय, असं मानसिंग सांगायचा. अरबांच्या देशाचा आणि आपल्या भुईमुगाचा संबंध काय, हे काही तिला उमगायचं नाही.

तेव्हापासून ती डिझेल बाटलीनं मोजायला लागली. रॉकेलची एक जुनी बाटली होती. ती गळ्यापर्यंत भरून टाकीत ओतायची, इंजन आपोआप बंद पडेपर्यंत वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरायची आणि किती वाफे भिजले ते बोटांवर मोजायची. एका बाटलीत नऊ वाफे. कधी साडेआठ, पण दहा कधीच नाहीत.

हे नऊ वाढवायचे कसे, म्हणून तिनं ज्याला त्याला विचारलं आणि इथंच तिच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. करकंबचा मिस्त्री म्हणाला, पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बदलाय पायजेत. ग्रामसेवक म्हणाला, इंजिन उत्तम आहे, तुम्ही भुईमूग कमी करा. डिझेल विकणारा म्हणाला, फडक्यातनं गाळून घालत जा. शेजारच्या रानातला धुळा, ज्याचं स्वतःचं इंजन तिच्यापेक्षा जास्त प्यायचं, तो म्हणाला, "वैनी, इंजनाला नजर लागलीया. नारळ फोडा." गोजरबाईनं डिझेल गाळून पाहिलं आणि नारळही फोडला. वाफे नऊचे नऊच राहिले.

शेवटी एका रविवारी मानसिंग आपल्यासोबत गिरणीतला एक फिटर घेऊन आला. सिद्धलिंगप्पा त्याचं नाव. मूळचा अक्कलकोटकडचा, घरात कानडी बोलणारा, काळासावळा, शर्टाच्या खिशात पट्टी आणि पेन्सिल. "गिरणीतले सगळे पंप ह्याच्या हाताखालनं जात्यात," मानसिंगनं बायकोला सांगितलं.

सिद्धलिंगप्पानं चहा घेतला आणि तो विहिरीवर आला. गोजरबाईला वाटलं, आता हा इंजन खोलून सगळं विहिरीभोवती मांडणार. पण त्यानं इंजनाला हातसुद्धा लावला नाही. तो मान वर करून पाइपाकडं बघत बसला.

हा पाइप म्हणजे आबासाहेबांचं वैभव. आठ वर्षांपूर्वी गावातलं पहिलं इंजन त्यांनी आणलं, तेव्हा पंपातून निघालेला पाइप त्यांनी दीड पुरुष सरळ वर चढवला होता आणि वर दोन बेंड बसवून त्याचं तोंड पाटाकडं वळवलं होतं. पाणी तिथून खाली कोसळायचं. करकंबच्या रस्त्यानं जाणारी माणसं बैलगाडी थांबवून बघायची. आबासाहेब बाभळीखाली बसून त्या बघणाऱ्यांकडं बघायचे.

"वैनी," सिद्धलिंगप्पा म्हणाला, "एवढा पाणी वर नेऊन परत खाली कशाला सोडतोय तुमी?"

"वरनं पडलं म्हंजी जोरात पळतंय न्हवं पाटानं?"

"पळत न्हाय की. पडला की त्याचा जोर तितंच संपला. असं बघा की. घागर भरायची, माळवदावर न्यायची, आन् माळवदावरनं अंगणात वतायची. अंगणातच वतायचं होतं तर माळवदावर कशाला नेली? दम कुणाचा गेला?"

"माजा."

"हितं इंजनाचा जातोय. दमाला डिझेल लागतोय."

गोजरबाईला घागरीचं पटलं, पण पाइपाचं पटेना. घागर तिच्या कमरेला लागायची. पाण्याचं वजन पाइपात कुणाला लागतं? ती काही बोलायच्या आत बाभळीखालून आबासाहेबांचा आवाज आला.

"पाइपाला हात लावायचा न्हाय."

"आबा, आठ दिवस करून तर बघू," मानसिंग म्हणाला.

"तुजं काय जातंय? तू सोलापुरात. हितं लोक म्हनत्याल, आबासाहेबाचं इंजन बसलं."

"बसलं म्हणू द्या की लोकांना, अज्जा," सिद्धलिंगप्पा हसून म्हणाला. आबासाहेबांना ते कानडी 'अज्जा', म्हणजे आजोबा, आवडलं नाही, की हसणं आवडलं नाही, कोण जाणे. ते काठी टेकत उठले आणि घराकडं चालायला लागले.

गोजरबाई त्यांच्या मागून गेली. "मामंजी, तोडायचा न्हाय. निस्ता आट्यावरनं काढून ठिवायचा. न्हाय जमलं तर म्या सवता परत चढवती."

आबासाहेब थांबले नाहीत. "तुजं इंजन, तुजं रान. मला कशाला इचारतीस?" एवढं बोलून ते माजघरात जाऊन आडवे झाले.

होकार आहे की नकार, हे तिला कळलं नाही. पण मानसिंगनं तोवर पाना काढला होता.

दुपारपर्यंत काम झालं. उभा पाइप काढून गोठ्याच्या भिंतीला टेकवला. पंपाजवळच एक बेंड देऊन तोंड खाली, पाटाच्या सुरुवातीला आणलं. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा सिद्धलिंगप्पानं पाइपाच्या धारेखाली पत्र्याचं पिंप ठेवून मनगटावरच्या घड्याळात पाहिलं होतं. आधी पिंप भरायला बेचाळीस सेकंद लागले होते. आता एकोणतीस लागले.

"झालं की," तो म्हणाला. "आता बाटलीला बारा वाफे भिजले न्हायत तर माजं नाव बदला."

गोजरबाई पिंपाकडं बघत राहिली. पाणी पडत होतं, पण त्याला आवाज नव्हता, तुषार नव्हते. दमलेल्या म्हशीनं मान टाकावी तसं ते गुपचूप पाटात उतरत होतं. डोळे सांगत होते, पाणी कमी झालं. कान सांगत होते, निम्मंच राहिलं. आणि पिंप सांगत होतं, वाढलं. खरं कुणाचं मानायचं?

संध्याकाळच्या एस.टी.नं दोघं सोलापूरला गेले. सोमवारी सकाळी तिनं बाटली भरून ओतली, हँडल मारलं आणि दारं धरायला रानात गेली. इंजन बंद पडलं तेव्हा ती सातव्या वाफ्यात उभी होती. तिनं पुन्हा मोजले. सातच.

बाटली नीट भरली नव्हती का? मंगळवारी तिनं बाटली काठोकाठ भरली, उन्हात धरून पाहिली. त्या दिवशी साडेसहा भिजले.

आता मात्र तिची मतीच गुंग झाली. पिंप लवकर भरत होतं आणि वाफे कमी भिजत होते. एकाच पाण्याच्या दोन गोष्टी कशा असतील? सोलापूरचं घड्याळ पुढं धावतं काय? की जमीनच जास्त पाणी पिऊ लागली? तिला धुळ्याचाही संशय आला. ती पाटाच्या कडेकडेनं, शेवटच्या वाफ्यापासून विहिरीपर्यंत, पायांनी चाचपत आली. पाट कुठं फुटला नव्हता. धुळ्याच्या रानाकडची बाजू कोरडी ठणठणीत होती. उगाच शेजाऱ्यावर आळ घेतला म्हणून तिनं मनातल्या मनात कानाची पाळी धरली.

आबासाहेब त्या दोन दिवसांत तिच्याशी चकार शब्द बोलले नव्हते. सकाळी भाकरी खाऊन ते विहिरीच्या काठावरल्या दगडावर जाऊन बसायचे आणि इंजन चालू असेपर्यंत खाली विहिरीत बघत राहायचे. रस्त्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. ती समोरून गेली की चंची उघडून सुपारी शोधायचे.

"मामंजी, येळंला जेवा तरी," ती म्हणायची.

"हं."

मंगळवारी डबा रिकामा झाला. बुधवारी तांबडं फुटायच्या आत ती धुळ्याच्या बैलगाडीतून करकंबच्या फाट्यावर डिझेलसाठी निघाली. तिथं आधीच डब्यांची रांग सडकेपर्यंत आलेली. माणसं सावलीला बसली होती आणि त्यांच्या जागी त्यांचे डबे उन्हात उभे होते. रांगेत तिच्याशिवाय दुसरी बाई नव्हती. दुपारी टँकर आला. येताना निम्मा रिकामाच होता. गोजरबाईचा नंबर लागला तेव्हा ऊन कलायला आलं होतं, आणि पंपावरच्या माणसानं तिचा डबा अर्ध्यावरच थांबवला.

"मागं लोक हायती बाई. आज एवढंच."

परतताना गाडीत तिनं डबा दोन्ही गुडघ्यांत धरला होता. धुळा काही तरी बोलत होता, तिच्या कानात शिरत नव्हतं. सहा दिवसांनी भुईमुगाला पुन्हा पाणी लागणार. साडेसहाच्या हिशेबानं निम्मं रान कोरडं राहणार. तिनं ठरवून टाकलं, सकाळी धुळ्याला हाताला घ्यायचं आणि पाइप परत वर चढवायचा. सिद्धलिंगप्पा चांगला माणूस असेल, गिरणीचे पंप त्याला कळत असतील. पण हे पाणी गिरणीचं नव्हतं.

घरी आली तेव्हा आबासाहेब ओट्यावर बसले होते. तिच्या उन्हानं रापलेल्या तोंडाकडं आणि अर्ध्या डब्याकडं त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. त्या सांजच्याला तिनं वाढलेल्या ताटातली अर्धी भाकरी त्यांनी तशीच ठेवली.

बेस्तरवारी सकाळी ती पाना घेऊन विहिरीवर गेली, तर आबासाहेब आधीच तिथं होते. त्यांच्या धोतराच्या ओच्यात करडईचं भुसकट होतं.

"पाना ठेव खाली," ते म्हणाले. "पयलं इंजन लाव."

"मामंजी, डिझेल—"

"अर्धी बाटली वत. लाव म्हनतो न्हवं."

तिनं इंजन सुरू केलं. पाणी पाटात उतरायला लागलं. आबासाहेबांनी ओच्यातलं भुसकट मूठभर तिच्या हातात दिलं.

"पाइपाच्या तोंडाशी टाक. आन् मग हिकडं ये, विहिरीत बघ."

म्हाताऱ्याचं डोकं फिरलं की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. तरी तिनं भुसकट टाकलं. पाण्यानं ते गरगर फिरवलं, थोडं पाटानं पुढं नेलं आणि बाकीचं कुठं गेलं ते दिसलं नाही. ती काठावर येऊन वाकली. इंजनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. विहिरीच्या आतल्या दगडी बांधकामात, पाण्यापासून चार-पाच हात वर, एक सांद होती. त्या सांदीतून हाताच्या मनगटाएवढी धार भिंतीला चिकटून खाली उतरत होती. आणि बघता बघता त्या धारेबरोबर पांढुरकं भुसकट बाहेर आलं, विहिरीच्या पाण्यावर पसरलं आणि गोल गोल फिरायला लागलं.

गोजरबाईनं एकदा पाइपाकडं पाहिलं, एकदा विहिरीकडं.

"ह्ये... ह्ये आपलंच पानी?"

"मग काय माझं? वर काढायचं, आन् परत विहिरीत सोडायचं. पुन्यांदा काढायचं, पुन्यांदा सोडायचं. डिझेल कसं पुरल?"

त्यांनी काठीनं दाखवलं. पाइपाचं तोंड आता जिथं आलं होतं, तिथं जुन्या थारोळ्याचे, म्हणजे पूर्वी मोट जिथं रिकामी व्हायची त्या कुंडाचे, दगड होते. त्यांच्या खाली घुशीनं केव्हाचं बीळ केलं होतं. पूर्वी पाणी उंचावरून लांब, चार हात पुढच्या फरशीवर पडायचं, म्हणून बिळाला कधी लागलंच नाही. आता ते थेट दगडांच्या बुडाशी उतरत होतं. वरून बघणाऱ्याला पाट भरलेला दिसायचा आणि खाली निम्मं पाणी माघारी फिरायचं.

तिनं इंजन बंद केलं. एकदम शांत झालं आणि त्या शांततेत सांदीतून गळणारं उरलंसुरलं पाणी टपटप वाजत राहिलं.

"तुमाला कसं कळलं, मामंजी?"

"पायऱ्या मोजल्या. एक बाटली इंजन चाललं की विहिरीच्या तीन पायऱ्या उघड्या पडत्यात. पन्नास वर्सं ह्या विहिरीवर काढली म्या, वीस बैल झिजवलं. सोमवारी दोनच कशाबशा उघड्या पडल्या. पानी भायेर निगालं असतं तर विहीर उतरली असती की."

गोजरबाईनं बोटांवर वार मोजले.

"सोमवारी? आन् आज बेस्तरवार!"

आबासाहेबांनी चंची काढली.

"सोमवारी कळलं, आन् म्या काल दिसभर उनात उबी व्हते त्या रांगेत. अर्ध्या डब्यासाठी!"

"मला कुनी इचारलं व्हतं?" म्हातारा पुटपुटला. मग तिच्याकडं न बघता, "मला वाटलं, वाफं कमी भिजलं की तू पाइप परत चढवशील. तू रांगेत जाशील असं न्हवतं वाटलं."

तिला संताप आला होता, इतका की हातातलं उरलेलं भुसकट तिनं मुठीत चुरडलं. आणि त्याच वेळी तिला हेही दिसत होतं की पाना तिच्या हातात होता. म्हातारा आणखी घटकाभर गप्प बसला असता, तर त्याचा पाइप आपोआप वर चढला असता. तो बोलला नसता तर जिंकला असता. मग बोलला का? रागवावं की पाया पडावं, तिला काही सुधरेना. ती नुसतीच म्हणाली, "बीळ कशानं बुजवायचं?"

"दगूड, काळी माती आन् भुसकट. वरनं शिमिट. चुन्यानं न्हाय भागायचं, घूस उकरती."

धुळ्याला हाक मारली. तो पाइप चढवायला आला होता, त्याला बीळ बुजवायला लागलं. आबासाहेब दगडावर बसून हुकूम सोडत होते: हितं ठोक, तितं दाब, न्हाय न्हाय, बारका दगूड आदी. दुपारपर्यंत दगडांच्या बुडाशी गच्च माती बसली. वर धुळ्याच्या घरचं उरलेलं सिमेंट लिंपलं आणि दोन दिवस इंजनाला हात लावला नाही.

शनिवारी तिनं बाटली भरली. इंजन सुरू झालं, ती रानात गेली. सात भिजले. आठ. नऊ भिजले तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं, इंजन भकभकतच होतं. तिनं दहाव्या वाफ्याचं दार मोडलं. अकरा. बारा. बारावा भरून तेराव्याच्या मध्यात पाणी आलं आणि मग इंजनानं उचकी दिली.

ती चिखलाच्या पायांनी तशीच विहिरीवर आली. "साडेबारा, मामंजी."

आबासाहेब खाली पायऱ्यांकडं बघत होते. "तीनाच्या वर उघड्या पडल्यात. चौथीबी आख्खी," ते म्हणाले. मग पाइपाच्या तोंडाकडं वळून, "पर आवाज न्हाय त्याला. पानी कसं, वाजाय पायजे."

पुढच्या खेपेला मानसिंग आला, तेव्हा सिद्धलिंगप्पानं निरोप धाडला होता, वाफे किती ते कळवा. मानसिंगनं बीळ पाहिलं, हिशेब ऐकला आणि तिला पुन्हा एकदा सगळं समजावून सांगितलं: पाणी किती उंच चढतं त्यावर डिझेल जातं, बेंडाबेंडाला पाणी अडखळतं, वगैरे. गोजरबाई मान हलवत होती. त्यातलं निम्मं तिला कळलं. राहिलेल्या निम्म्याबद्दल तिनं विचारलं नाही. विचारलं असतं, तर मानसिंगलाही ते आलं असतं की नाही, याची तिला शंकाच होती.

वाचलेल्या डिझेलवर तिनं बांधाकडेला चार वाफे कडवळ केलं. म्हशीला उन्हाळ्यात हिरवं मिळायला लागलं. आबासाहेब पारावर बसून लोकांना सांगू लागले की पाइप खाली घ्यायची कल्पना मूळची त्यांचीच. सोलापूरचा तो फिटर आला, पण त्याला बिळाचं कुठं कळलं? हे ऐकून धुळा तिच्याकडं हसत आला होता. तिनं त्याला सांगितलं, म्हणू द्या.

आठवड्यानं तोच धुळा पुन्हा आला. या वेळी हसत नव्हता. त्याच्या हातात पाना होता.

"वैनी, माझाबी पाइप काढायचा. किती हात खाली घिऊ?"

गोजरबाईनं त्याच्या रानाकडं पाहिलं. धुळ्याचं रान चढावर होतं. त्याचा पाइप वर चढत होता तो कुणाला दाखवायला नव्हे, त्याचं पीकच वर होतं. खाली घेतला तर पाणी रानात जाणारच नाही, असं तिला वाटलं. पण मग असंही वाटलं की वाटतं त्यावर विश्वास किती ठेवायचा? पिंपाच्या वेळी तिला काय काय वाटलं होतं. आणि धुळ्याच्या पाइपाला बेंड तर पाच होते. एवढे कशाला लागतात? एखादा कमी केला तर? त्याच्या विहिरीची बांधणी तिनं कधी आतून पाहिलीसुद्धा नव्हती.

"बोला की, वैनी. किती?"

"मला न्हाय ठावं," ती म्हणाली आणि पायांत चपला सरकवल्या. "चला, तुमच्या विहिरीवर जाऊन बघू तरी. मामंजी, येताय न्हवं?"

आबासाहेब काठी शोधत होतेच.